चांदीनं मान लांब केली

मंगळवार, दिवेलागणीची वेळ. हॉस्टेल, अकोला.

आज श्वेताच्या गोचिडींच्या पोटातलं रक्त लालच राहिलं. गोचिडीची रक्त पचवणारी एन्झाइम्स अडवायची, हाच आम्हा दोघींचा संशोधनाचा विषय. रक्त पचलं की काळं पडतं. माझ्या गोचिडींचं आजही काळंच पडलं. सरांनी सगळ्यांना बोलावून तिची काचपट्टी दाखवली. मीही बघितली, छान म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आणि त्या गोचिडी आमच्याच गोठ्यातल्या. वलगावला मीच नेलं तिला. जपून हात लाव, आमची चांदी लाथ मारते, हेही मीच सांगितलं. ही गाय माझ्याशिवाय कोणाला कानाला हात लावू देत नाही, बाबांनाही नाही. श्वेतानं सरळ कानामागे बोटं घातली, तर चांदीनं मान लांब केली. वर डोळेही मिटले. मी नुसती दावं धरून उभी.

लाल रक्ताचं मी समजू शकते. तिचं रसायन वेगळं होतं, मेहनतही होती. पण चांदीनं मान का लांब करावी?

आत्ता आईचा फोन येऊन गेला. "तुह्या मैत्रिणीले अजून गोचिडी पायजेत का? चांदी कान घासून राहिली खुंट्याले."

"मी येते ना रविवारी."

"तुले काम असन तं तू नको येऊ. तिलेच पाठव. चांदी वळखते तिले आता."

श्वेता शेजारच्याच खोलीत आहे. निरोप अजून दिलेला नाही. देणारही नाही.