मिन्स्कचे आबा

लातूर, रविवार, डिसेंबरातली संध्याकाळ

वैष्णवीचा मिन्स्कहून फोन आला होता. इथं लातुरात दोन वर्षं क्लास करूनही डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून नात पार बेलारूसला गेली. बोलली ते सगळं घरमालकाविषयीच. म्हातारा मोठा शास्त्रज्ञ होता म्हणे. प्रयोगशाळा सोडून सरकारविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला, पडला, तुरुंगातही जाऊन आला. असेल. पण ती त्याला 'आबा' म्हणते! मग मी कोण?

"तुमची शेंगदाण्याची चटणी त्या आबांना लई आवडली. उकडलेल्या बटाट्यावर घेतात. बरणी संपली, आता दोन पाठवा."

माझी चटणी! खलबत्त्यात कुटताना तिच्या चौथीच्या पुस्तकातली कविता गुणगुणत होतो मी. तीही शिकवली असेल का त्याला?

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात मी शाळा भरवली. रडणारी पोरं कवितेच्या चालीवर गप्प व्हायची. हे तिनं त्याला सांगितलं असेल का? 

"लई जळायलात की हो," आमची ही हसली. "आता या वयात तुरुंगात जाता का?"

तुरुंगाचं नाही गं. चटणीचं... जाऊ दे.

उद्या दोन बरण्या कुटायच्या. ही म्हणते, त्या म्हाताऱ्याच्या बरणीत तिखट कमी घाला. मुळीच नाही. तुरुंग सोसलाय त्यानं, लातूरचं तिखटही सोसेल.