तसबिरीतले कान

४ मार्च
हे माझे कान नव्हेत! चित्रकाराने तसबिरीवरचं कापड ओढलं आणि माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. नाक माझं, पोट (नाइलाजाने) माझं, मागचा खुर्च्यांचा कारखानाही माझाच. कान मात्र कुठल्यातरी तान्ह्या बाळाचे. त्यामुळे कानावर खोचलेली माझी पेन्सिल हवेत तरंगतेय!

"बरं दिसावं म्हणून जरा..." चित्रकार चाचरला आणि उगाच हिच्याकडे बघायला लागला. ही भिंतीकडे.

अरे, याच कानांवर कारखाना उभा केला मी! फळी ठोकली की आतून पोकळ आहे का ते कळतं मला. पण ऑफिसातले सगळे "वा साहेब!" म्हणाले. टांगली.

६ मार्च
सकाळी ही काहीतरी सांगत होती. तेवढ्यात खाली कारखान्यात करवतीचा सूर बिघडला. चपला न घालताच पळालो. पात्याची धार खरंच गेली होती!

११ मार्च
कला-इतिहासाच्या बाई आल्या. कारखानदारांच्या तसबिरींवर त्यांचं जाडजूड पुस्तक निघतंय, त्यात माझीही घेणार! मी ऐटीत केबिनमध्ये चहा घेत बसलो. पार्टिशनपलीकडे बाई मोबाईलवर बोलून टिपणं करत होत्या. हळू आवाजात — पण माझ्यापासून काय लपतंय?

"कान मुद्दाम खुजे. मालक कुणाचं ऐकत नाही, ही चित्रकाराची मूक टीका. अधांतरी पेन्सिल — श्रमाशी तुटलेलं नातं."

ठसकाच लागला. हे छापणार? कामगार वाचतील, गिऱ्हाइकं वाचतील. आमचे व्याही तर पाठ करतील!

१२ मार्च
चित्रकाराला बोलावलं. "कान मोठे करा."
"किती?"
"आहेत तेवढे!"
त्याने फूटपट्टी लावली. ही दारातून काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, हो हो.

१९ मार्च
झाले! हुबेहूब. पेन्सिल टेकली एकदाची. फोरमन म्हणाला, "आता शोभता, साहेब." मग जिना उतरता उतरता सुताराला, "सुपं लावलीत, सुपं!" ऐकलं.

२१ मार्च
बाईंना मुद्दाम पुन्हा बोलावलं. त्यांनी तसबिरीवर बाजूने बॅटरी मारली आणि टाळीच वाजवली. नव्या रंगाखाली जुने कान दिसतात म्हणे!

"मालकाने टीका पुसून टाकली! आता जुने-नवे दोन्ही कान छापू. शेजारी शेजारी."

"बाई, हे घ्या खरे कान, ओढून बघा!"

"तुमचे कान हा पुरावा होत नाही. चित्रकाराचा हेतू बघावा लागतो."

मीही पेटलो. "मग उद्या त्यालाच विचारू. लहान का काढले ते तो सांगेल, तेच छापा."

"कबूल!" बाई म्हणाल्या.

जेवताना ही बराच वेळ बोलत होती. मी मनात बाईंना उत्तरं देत होतो. मधे मधे हो म्हणत होतो.

२२ मार्च
चहा नाही. ही पण नाही! घाबरून फोन लावला.

"बहिणीकडे आलेय, महिनाभर. कितीदा सांगितलं. हो हो म्हणालात की!" मग म्हणाली, "आणि अहो, त्या बिचाऱ्या चित्रकाराला छळू नका. कान लहान काढायला मीच सांगितलं होतं."

बाईंना कळवलं — तुम्ही लिहिलंय तसंच छापा.