एका फळीचा लोभ

मंगळवार, संध्याकाळ

वडलांनी लावलेला कडूलिंब वाळला. त्याच्या फळ्यांचा पलंग करून शेवटच्या दिवसांत त्यांना त्यावर निजवायचं, एवढंच मनात होतं. लाकूड कापायची चेनवाली करवत देणारा मशीनवाला म्हणाला होता, "जाड चेन घ्या, गाठीचं लाकूड हाय." म्या बुटक्या दातांची चेन आन् ती जिच्यावर फिरती ती लोखंडी पट्टी, बार, पातळ घेतला. भुसा कमी पडंल, एक फळी जास्त निघंल म्हणून. एका फळीसाठी! आज गाठीत चेन भरकटली, बार तापून वाकला. सगळ्या फळ्या नागमोडी निघाल्या. उरलेल्या खोडात पलंगाएवढं लाकूडच न्हाय. त्याचं का ऐकलं न्हाय म्या?

वडलांनी अंथरुणातून विचारलं, "झाला का रं पलंग?"

"व्हय अण्णा, रंधा तेवढा राहिलाय."

"राहू दे. मला कुठं घाई हाय?"

घाई हाय, हे दोघांनाबी ठाऊक होतं.