सूर्य मावळायच्या आत

८ डिसेंबर, रविवार

वारा फिरला. गावाबाहेर वाळवणाच्या मैदानावर, पथारीवर, लाल मिरची वाळत पडली आहे, तिचा ठसका थेट माजघरात. सकाळपासून खोकतेय. खिडक्या लावल्या, फटीत जुनी चिंधी कोंबली. तरी येतोच.

डॉक्टर म्हणाले होते, तोंडाला फडकं बांधत जा. बांधलं. आरशात पाहिलं तर मुखपट्टी लावलेली आमची जैन साध्वी, महासतीजीच दिसले मी! हसायला गेले आणि पुन्हा उबळ.

संध्याकाळी अंकितचा फोन, सुरतहून. "मम्मी, दम आहे का?" नाही म्हटलं. "बरं, ठेवतो."

रोज एवढंच. नाही म्हटलं की ठेवतो. हो म्हटलं तर गाडी घेऊन येईल, ती भीती वेगळी. दिवाळीआधी दवाखान्यात होते तेव्हा पलंगापाशी उभा राहून म्हणाला, "पुन्हा अ‍ॅडमिट व्हायची पाळी आली तर घर बंद. सरळ सुरत." रागाने नाही, काळजीनेच. पण त्याचं बोलणं बापासारखं, एकदा बोलला की बोलला.

सुरतेत नववा मजला. अंकित दुकानात, किंजलसूनबाई तिच्या क्लासेसला, नात प्रियल कॉलेजात. दार लोटलं की मी आणि लिफ्टचा आवाज. इथेही एकटीच आहे म्हणा. पण इथला एकटेपणा ओळखीचा, त्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलंय ते मला अंधारातही सापडतं.

११ डिसेंबर

सर्दी झाली. आमच्या जैन स्थानकात शेजारी बसलेली बाई शिंकत होती, तिचाच प्रसाद.

१३ डिसेंबर

सिंधुबाई दादर ज्वारीची भाकरी घेऊन आली. भिंतीला भिंत लागून घर, शेतकऱ्याची बाई, तोंडाने फटकळ आणि हाताने मोकळी. मी पाणी द्यायला उठले, चार पावलांत धाप लागली, मोरीचा कठडा धरून उभी राहिले. ती बघत होती.

"शेठानी, तुन्हा दम खाले पायरीवरच राही गया वाटस."

म्हटलं, वय झालं. "वय ते मन्हं बी व्हयनं. मी अजून शेतमा जास."

जाते खरी. तिने चूल फुंकली तेवढीच मीही फुंकली. वर चाळीस वर्षं दुकानात मिरची पाखडली मी. हे गल्ल्यावर बसायचे आणि मी मागच्या खोलीत पाटीभर तिखटाच्या ढगात. तेव्हा ठसका लागला की हे ओरडायचे, "गूळ खा!" गूळ खाल्ला की सगळं बरं, असं आमचं शास्त्र. आता दुकानाचं शटर खाली, 'मिश्रीलाल किराणा' पाटीवरचा 'मि' उडालाय, आणि ते तिखट माझ्या छातीत राहिलंय.

१५ डिसेंबर

कफाचा रंग बदलला. पिवळा, थोडा हिरवट. डॉक्टरांनी बजावलं होतं, रंग बदलला की थांबायचं नाही, यायचं. पण गेले तर ठेवून घेतील. ठेवलं की सुरत.

उद्या बघू.

श्वासाचा पंप सकाळी घेतला. रात्रीचा राहतो तो राहतोच. डॉक्टरांनी सांगितलंय सकाळी आणि रात्री, आणि प्रत्येक वेळी चूळ भरायचीच, नाहीतर तोंड येतं. आता रात्री चूळ कशी भरणार? लग्न होऊन आले तेव्हापासून चौविहार माझा. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब तोंडात नाही. सासूबाईंनी शेवटच्या आजारातही मोडला नाही. या घरात औषधाचीसुद्धा सूट न ठेवणाऱ्या आम्ही दोघीच. डॉक्टर विचारतात, "आजी, पंप घेता ना?" मी मान हलवते. सकाळी घेतेच की.

१७ डिसेंबर

ताप. उशा रचून बसूनच झोपते. आडवं झालं की छातीवर पाट्याचा दगड.

अंकित : "दम?" मी : "नाही." एवढा एक शब्द बोलायला आधी दोनदा श्वास गोळा केला. त्याला कळलं नाही. कळू नये म्हणूनच केला होता, तरी कळलं नाही याचं वाईट वाटलं. माणूस मोठं विचित्र!

१८ डिसेंबर, बुधवार

काल सिंधुबाई माझ्याकडेच झोपली. मी बोलावलं नव्हतं. घोंगडी घेऊन आली आणि दारात आडवी. माझी घरघर ऐकून उठली, "पंप कोठे शे तुन्हा?" मी म्हटलं, दिवस मावळला, आता नाही.

सकाळपासून तोफ सुरू आहे तिची. "जीव जाई ऱ्हायना आनि हाई म्हने सूर्य मावळना!" मी म्हटलं, तुझी एकादशी मी कधी मोडायला लावली का? "मन्ही एकादशीले साबुदाना ऱ्हास, शेठानी. तुले तर पानी बी नही." वर धमकी, "मी आते अंकितले फोन लावसू." हात जोडले तिच्यापुढे. नको म्हटलं. फोन खाली ठेवला, पण तोंड फुगवून.

तेवढ्यात गोचरीला, भिक्षेला, महासतीजी आल्या. दोन दिवसांपासून स्थानकात उतरल्यात, पुढे शहाद्याकडे पायी विहार. आज मला स्थानकाच्या पायऱ्या चढवल्या नसत्या, त्याच दारात आल्या. मी उठायला गेले, जमलं नाही. सिंधुबाईने संधी साधली. "महाराज, हाई रातले पंपच लेत नही. तुम्हीच सांगा."

महासतीजींनी मला सगळं विचारलं. पंप कसा ओढायचा, चूळ का भरायची, डॉक्टर काय म्हणाले. मग म्हणाल्या, "सोहनबाई, सूर्य मावळायच्या आत घ्यायला तुमचा हात कोणी धरला होता?"

इतके महिने हे माझ्या डोक्यात आलं नाही. रात्रीचा म्हटला की रात्रीचाच! संध्याकाळी घ्यावा, चूळ भरावी, मग पच्चक्खाण म्हणून रात्रीचा त्याग घ्यावा. एवढं सोपं.

"डॉक्टरांना विचारून घ्या. आणि एखाद्या दिवशी राहिलाच तर औषधाची सूट ठेवा. धर्म श्वास कोंडायला सांगत नाही."

म्हटलं, मला सूट नको. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी मी. त्यांनी पात्र पुढे केलं. फुलका घेतला आणि गेल्या.

दुपारी सिंधुबाईने रिक्षात घातलं.

१९ डिसेंबर

ठेवलं नाही! पण थोडक्यात. वाफ दिली, गोळ्या बदलल्या, बोटाला चिमटा लावून पाहिलं. "दोन दिवसांत उतार नाही पडला तर अ‍ॅडमिट, आजी. तेव्हा मी ऐकणार नाही."

चौविहाराचं सांगितलं. डॉक्टर तरुण आहेत, पेन खाली ठेवलं त्यांनी. "हे मला आधी का नाही सांगितलंत? सकाळी घ्या, संध्याकाळी उन्हात घ्या. चालेल. फक्त दोन्ही वेळा घ्या."

साडेपाचला ओट्यावर बसून घेतला. चूळ भरली. समोरच्या भिंतीवर ऊन होतं अजून.

२१ डिसेंबर

ताप गेला. कफ पांढरा होतोय. दवाखान्यात दाखवून आले, ठेवायची गरज नाही म्हणाले. सुरत टळली.

२५ डिसेंबर

सिंधुबाई लेकाकडे धुळ्याला गेली, नातू झाला. महिनाभर नाही. तिची भाकरी नाही, तिची तोफ नाही. भिंतीला कान लावला तर पलीकडे नळ ठिबकतोय.

२ जानेवारी

छाती हलकी आहे. सकाळी झाडलोट केली, न थांबता.

अंकितचा फोन आता एक दिवसाआड. "दम नाही ना?" नाही. "बरं." आजारी होते तेव्हा रोज तरी यायचा. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. आणि रोज बरी असते तिला कोण विचारे?

वाईट विचार आला मनात. लिहीत नाही.

९ जानेवारी

आज कोणाशीच बोलले नाही. दूधवाला आला, पण पिशवी कडीला अडकवून गेला. संध्याकाळी पंप घेताना आपलाच आवाज ऐकावा म्हणून पच्चक्खाण मोठ्याने म्हटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

पाच वाजता अंकित. "मम्मी, दम?" नाही. "बरं, ठेवतो."

म्हटलं, ठेवू नको.

घाबरला. "काय झालं?" काही नाही झालं रे. बरी आहे. नुसतं बोल.

मागे पतंग उडवणाऱ्यांचा गोंगाट होता. मग म्हणाला, सगळे गच्चीवर आहेत, मी खालीच बसलोय. आणि बोलायला लागला. दुकानातलं, स्वतःच्या गुडघ्याचं, पप्पांनी एकदा खळीने मांजा करताना बोट कापून घेतलं होतं ते. मी हसले, तोही हसला. किती बोललो!

फोन ठेवला तर समोरच्या भिंतीवर ऊन नव्हतं.

दिवा लावला. बसले जरा सासूबाईंच्या फोटोसमोर. मग पंप घेतला, चूळ भरली.

रविवारी येतोय तो. न्यायला नाही. नुसताच.