चुन्याचा एक हात

जुने शहर, अकोला
मंगळवार, २४ नोव्हेंबर १९६४

प्रिय देवराव,

नाव घालून लिहिते आहे, तेव्हा आधी खुर्चीवर बसून घ्या. समोर असता तर मेले तरी नाव घेतलं नसतं. पण दीड महिना मी तुमच्यावर रुसून माहेरी बसले आहे, आणि रुसलेल्या बाईला एवढी मोकळीक असते. हे पत्र मी पाकिटात घातलं आहे हेही ध्यानात घ्या. तुम्ही कार्ड पाठवलंत. पोस्टमनने ते अंगणात उभं राहून वाचलं, मग मायला वाचून दाखवलं, आणि मग माझ्या हातात दिलं. 'तारा बारा होत्या. मोजून, तेलकट कागदात गुंडाळून रजिस्टरने पाठव. ओल लागू देऊ नये. कळावे.' मायने कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "तुयी खुशाली कोन्या बाजूनं लिवली हाये वं?" मी म्हटलं, त्यांचं अक्षर बारीक असतं. दुसरं काय सांगणार होते?

तारांना ओल लागली नाही. मला खोकला झाला होता, तो आता बरा आहे.

तानुबाईंनी शेजारधर्म म्हणून तुमची सगळी खबर कळवली आहे. तुम्ही बनियनी कुंपणाच्या काट्यांवर वाळत घालता आणि त्यांना भोकं पडली आहेत. वरणात मीठ दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. आणि कॉलेजात तुमची एकतिसावी कांबही तुटली. हे वाचून मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. अठरा डिसेंबरला नागपूरचे साहेब येणार, त्यांच्यापुढे एक तरी कांब टिकली नाही तर वर्कशॉपची भट्टी तुम्हाला बंद, आणि मग जन्मभर पोरांना कानस धरायला शिकवत बसायचं, हे मला पाठ आहे. चार वर्षं मी रोज जेवताना तेच ऐकलं आहे. ताटात भाकर वाढली की तुम्ही ती मोडायचात आणि म्हणायचात, बघ मैना, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असंच मोडतं, न वाकता. पण त्यात पोलादाच्या तारा घालून ओतलं तर तडा गेला तरी तारा तुकडे धरून ठेवतील. अमेरिकेत करून राहिले आहेत, मासिकात आलं आहे. मायला हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा ती चुलीसाठी मातीचा गारा तुडवत होती. तिने मूठभर भुसा त्यात टाकला आणि विचारलं, की हे शिकाले कालेज कायले पायजे. तुम्ही तीन दिवस तिच्याशी बोलला नाहीत.

आणि चिखलदऱ्याला काय केलंत ते आठवतं का? लग्नाला महिना झाला नव्हता. सगळं जग दरीकडे बघत होतं. ढग पायाखालून जात होते, मी नवीन लुगडं नेसले होते. तुम्ही कठड्याशी वाकून खिशातल्या पैशाने लोखंड खरवडत होता, बीड आहे की पोलाद ते बघायला. चौकीदाराने येऊन विचारलं तेव्हा मी सांगितलं, की आमच्या ह्यांची अंगठी पडली आहे. त्या बिचाऱ्याने अर्धा तास आपल्याबरोबर गवतात अंगठी शोधली. तुमच्यासाठी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. माहेरी खोकल्यासाठी आले हे अलीकडचं.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुमच्या बाजूने तुम्ही ते पुष्कळ ऐकवलंत, माझ्या बाजूने मी अजून एक अक्षर बोलले नाही.

अशोक विजयादशमीच्या आधी घराला चुना देतात, हे तुम्हालाही माहीत आहे. चार दिवस मी भिंती रंगवत होते, आणि त्यातच जुनी वाळवणाची दोरी तुटली. धुणं बादलीत पडून. माळ्यावर तेलकट कागदात दहा-दहा फुटांच्या तारा होत्या, चकचकीत. तुम्ही त्या तेजाबाने धुऊन ठेवल्या होत्या हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. अमेरिकेचं सांगितलंत, माळ्याचं सांगितलं नाहीत. मी त्यातल्या आठ घेतल्या, दोन-दोन एकत्र पिळून चार दोऱ्या केल्या, कारण एकेरी तार ओल्या धोतराने लोंबते. आणि तारेचा गंज कपड्याला लागू नये म्हणून तिला चुन्याचा हात दिला. आमच्या घरी माय वर्षानुवर्षं देते. कोरी तार बांधली तर ती म्हणते, नवऱ्याच्या सदऱ्यावर तांबडी रेघ मारून कोनाले दाखवाची हाये?

आणि नेमक्या त्याच दुपारी तुम्ही तुमच्या खात्याचे मुख्य वामनराव सर यांना घेऊन आलात. माळ्यावरच्या तारा दाखवायला. तारा अंगणात होत्या, आणि त्यांच्यावर तुमची चट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. वामनराव सर इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. तुम्ही हसला नाहीत. सर गेल्यावर तुम्ही म्हणालात, की अडाणी ते अडाणीच.

देवराव, मॅट्रिकला गणितात मला तुमच्यापेक्षा सात मार्क जास्त होते, पण ते जाऊ द्या. तो शब्द आपल्या दोघांच्या आज्या-आजोबांनी दुसऱ्यांच्या तोंडून उभा जन्म ऐकला. माझे बाबा सही करायला चाळिसाव्या वर्षी शिकले, तो शब्द पुसायला. तो आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकायचा, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. इथे मी तो कोणाला सांगितला नाही, बाबांना तर मुळीच नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी निघाले आणि रागाच्या भरात तुमचं सगळं संशोधन बरोबर घेऊन आले. दोन दोऱ्यांनी ट्रंक बांधली, दोन दोऱ्यांनी वळकटी, उरलेल्या चार कोऱ्या तारा कागदासकट काखेत. बडनेऱ्याला गाडी बदलताना हमाल म्हणाला, बाई, ट्रंकेत काय वाघ आहे का.

घरी आल्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, तारेकडे बघितलं. तुम्हाला राग येईल पण तुम्ही दोघं एकाच माणसाच्या दोन आवृत्त्या आहात. तीस वर्षं कापसाच्या जिनाच्या मशीनचे भाग ओतून त्यांच्या भुवया कधीच जळून गेल्या आहेत, आणि लोखंड दिसलं की खोकणारी मुलगी दिसत नाही. "काहून वं, हे तार कायचं हाये? जावई काय करून राहिले?" मी सगळं सांगितलं. चार वर्षांच्या भाकरी, अमेरिका, एकतीस कांबी. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. उठून बिडी पेटवली आणि म्हणाले, "कोऱ्या तारेले बीड खाऊन टाकते. बिडाचा रस लागला की दोघं एक होऊन जातात. मंग तडा आला की त्याले समजतच नाई बीड कुठं सरलं न तार कुठं लागलं. थेट जाते." तुम्हाला जे एकतीस वेळा दिसलं ते त्यांनी अंगणात उकिडवं बसून सांगितलं. मग ते वळकटीची दोरी नखाने खरवडत राहिले.

त्यांच्या कारखान्यात गुरुवारी भट्टी लागते. शेवटी उरलेला रस मालकाला विचारून त्यांनी मागून घेतला. वाळूचे तीन साचे केले, अडीच फुटी. एकात कोऱ्या तारा, त्याही माझ्यासारख्याच पिळून, म्हणजे जावयाने मागून कुरकुर करायला नको. एकात ट्रंकेची दोरी, एकात वळकटीची. दोऱ्या त्या दिवशी सकाळपासून भट्टीच्या माथ्यावर वाळवल्या. ओल राहिली आणि रस उडाला, तर म्हणाले, आपन थेट मोर्णा नदीच्या त्या पार. आता यात तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती जगात फक्त मला माहीत आहे. भिंतीकडच्या दोन दोऱ्यांना मी चुन्याचे तीन हात दिले होते, कारण बादलीत चुना उरला होता आणि चुना फेकायला माझं मन होत नाही. बाकी दोघींना एकच हात. तीन हातांच्या ट्रंकेला, एका हाताच्या वळकटीला.

कांबी दोन दिवस थंड होऊ दिल्या. रविवारी सकाळी अंगणात रुळाचे दोन तुकडे ठेवून बाबांनी त्यावर पहिली कांब आडवी टाकली आणि घण घेतला. माय दारात उभी होती, कोंबड्या झाकून. कोऱ्या तारांची कांब दुसऱ्या घावाला गेली. तारा सुरीने कापाव्यात तशा कापल्या गेल्या होत्या. तुमच्या एकतिसांची बहीणच. तीन हातांची पहिल्याच घावाला गेली, आणि एका तुकड्यातून तारा अशा सुटून आल्या, जशी परकरातून नाडी. चुना एवढा जाड की तारेची बिडाशी ओळखच झाली नव्हती. बाबा म्हणाले, "एकीनं लय धरलं, एकीनं धरलंच नाई."

तिसरीवर मी मायचा हात धरून उभी होते. पहिला घाव, काही नाही. दुसरा, तिसरा. चौथ्याला तडा दिसला, केसाएवढा. पाचव्या घावाला तो अर्ध्यापर्यंत आला, तारेपाशी पोचला, आणि देवराव, तिथे तो वाट चुकला. सरळ जायचा तो तारेच्या कडेने आडवा पळाला. सहा, सात, आठ. प्रत्येक घावाला तारा थोड्या थोड्या सरकत होत्या, पिळामुळे कुरकुरत होत्या, पण सोडत नव्हत्या. नवव्या घावाला बाबांचा दम गेला. कांब वाकली होती. बीड वाकलं होतं. तडा आरपार गेला होता आणि तरी दोन्ही तुकडे एकमेकांना धरून होते. बाबांनी घण खाली ठेवला, तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जावयाचं म्हननं खरं हाये. निस्ता चुन्याचा एक हात कमी पडला."

तेव्हापासून ते ती कांब पिशवीत घालून गावभर हिंडत आहेत. काल न्हाव्याकडे नेली. जो भेटेल त्याला तडा दाखवतात आणि सांगतात, माया जावयाचं काम हाये. माझं नाव घेत नाहीत. मायला ते आवडलं नाही. ती म्हणते, चुना माया, पोरगी मायी, अन जावई मोठा. तीन हातांची जी दोरी उरली ती तिने वाळवणाला लावून टाकली आहे, तेव्हा ती मागू नका.

आता तुम्ही हे वाचून उठला असाल आणि चुना भिजवायला निघाला असाल. बसा. चुना किती दिवस भिजवला, कशातून गाळला, त्यात ज्वारीची खळ किती घातली आणि पाणी किती, हे मी या पत्रात लिहिणार नाही. नुसतं एवढं सांगते, की तो ज्या धोतरातून गाळला ते तुमचं लग्नातलं होतं. यावरून पुढे भांडण करायचं असेल तर ते समोरासमोर करू.

हे पत्र मी तुम्हाला खिजवायला लिहायला बसले होते. पहिलं पान तसंच आहे, वाचलंतच. पण खरं कारण वेगळं आहे. रविवारी नववा घाव बसला आणि कांब तुटली नाही, तेव्हा मी मायचा हात सोडला आणि मागे वळून 'अहो, बघा' म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मागे कोंबड्यांची डालगी होती. बाबांनी ऐकलं आणि घणाच्या दांड्याकडे बघत राहिले, मायने पदर तोंडाला लावला. दीड महिन्यात मी रडले नव्हते, तेव्हा रडले. तुम्ही चार वर्षं ज्याची वाट पाहिलीत ते माझ्यासमोर झालं आणि तुम्ही तिथे नव्हता, याचा मला तुमच्या त्या शब्दापेक्षा जास्त राग आला. म्हणून येते आहे. तुम्ही न्यायला येईपर्यंत यायचं नाही असं ठरवलं होतं, ते मोडते. येत्या रविवारच्या पॅसेंजरने दुपारी बडनेऱ्याला उतरेन. तो शब्द परत घ्या असं म्हणत नाही, बोललेला शब्द परत घेता येत नाही. पण तुमच्या वहीत प्रत्येक कांबेपुढे ती कोणी ओतली, कशी ओतली ते तुम्ही लिहिता. या बत्तिसावीपुढे बाबांचं आणि माझं नाव लिहा: ओतणार खुशालराव, चुना मैना. आणि अठरा तारखेला साहेबांपुढे वाचताना दुसरं नाव गाळू नका. वही घेऊन बडनेऱ्याला या. ट्रंक आणि वळकटी मी उतरवीन. कांब तेरा किलोची आहे, ती एका टोकाला तुम्हाला धरावी लागेल.

तुमचीच,
मैना

ता. क. वाळवणासाठी नवीन तार आणून ठेवा. कोरीच आणा, चुना मी देईन.