चपलेचा तुटलेला अंगठा

रविवार, संध्याकाळ

महाराजपूरच्या मैदानावर एका मोठ्या फुटबॉल क्लबचे लोक मुलींना फुकट शिकवतात, म्हणून मी आमच्या लेकीला, पिंकीला घेऊन गेले होते. बॉल घरंगळत माझ्याकडे आला आणि मी डाव्या पायानं असा हाणला, की थेट गोलात! चपलेचा अंगठाच तुटला.

कोच दीदी धावत आली. "आंटी, आप खेलती थीं क्या?"

"नहीं," म्हटलं.

काहून म्हटलं मी असं? नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये डावीकडून मीच तर खेळायची. लग्न ठरलं अन् खेळणं सुटलं.

घरी ह्यांनी विचारलं, चप्पल कशी तुटली? ठेच लागली, मी म्हणाले. परत खोटं.

डावा पाय अजून शिवशिवून राहिला आहे. उद्या बडा फुहारा बाजारातल्या मोच्याला तरी खरं सांगीन.