तिसऱ्या खेपेचे आरोपी

१ फेब्रुवारी, पहाटे ५.०० (प्रत्यक्षात ७.४०)
गजराने दगा दिला. वाजला म्हणे. बायकोने ऐकला, मुलीने ऐकला, खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकला. मग मला उठवलं का नाही? तर म्हणे तीनदा उठवलं. ज्याला उठवायचं तो उठेल असं उठवावं लागतं, एवढं साधं या घरात कुणाला कळत नाही.
असो. फायनान्सची परीक्षा, दुसरी लेव्हल, १४ जून. खेप तिसरी. या वेळी नापास होणं शक्यच नाही, कारण करण्यासारख्या सगळ्या चुका पहिल्या दोन खेपांत करून झाल्या आहेत. रोज तीन तास, म्हणजे एकूण चारशे. ठराव पक्का.

२ फेब्रुवारी
टाइमटेबल केलं. सात विषय, सात रंगांची पेनं. आठवा विषय एथिक्स, त्याला रंग उरला नाही. हरकत नाही. एथिक्स म्हणजे सचोटी. ती आमच्या घराण्यात उपजत आहे, वाचायची काय गरज? टाइमटेबलला चार तास लागले. अभ्यासात धरले.

९ फेब्रुवारी
मौनीने एकत्र अभ्यासाचं सुचवलं. मौनी म्हणजे ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा. दिवसाला मोजून नऊ वाक्यं बोलतो, त्यातली चार फोनवर. त्याची ही पहिलीच खेप. अनुभवी माणसाचा आधार हवा असणार बिचाऱ्याला. हो म्हटलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर, वरच्या मीटिंग रूममध्ये.

२० मार्च
टाइमटेबल नव्याने केलं. जुनं मागे पडलं होतं. आता रोज पाच तास केले की झालं. आज सुरुवात करणार होतो, पण महिन्याच्या मध्ये कशाला? १ एप्रिलपासून.

८ एप्रिल, मंगळवार
डोकं जड, मौनीला निरोप दिला की आज नाही. तर हा पठ्ठ्या एकटाच बसला! नऊ प्रकरणं संपली म्हणे त्याची. माझ्यासाठी थांबावं असं वाटलं नाही. लोक असेच.

२ मे
आज भाड्याची गणितं. घरभाडं महिन्याच्या सुरुवातीला देतात आणि कर्जाचा हप्ता शेवटी. आपलं गणित कुठलं ते कॅल्क्युलेटरला आधी सांगावं लागतं. 'सुरुवात' म्हटलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन बारीक इंग्रजी अक्षरं उमटतात. मी लावून पाहिलं, उमटली. मौनी म्हणाला, गणित झालं की लगेच परत 'शेवट'वर आण, नाहीतर पुढचं सगळं चुकत जाईल. दुसऱ्या लेव्हलला दोनदा बसलेल्या माणसाला हा सांगतो! तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला.

२५ मे
तिसरं टाइमटेबल. आता रोज अकरा तास. बायकोने विचारलं की ऑफिस कधी. तिला माझ्या यशाचं काही नाही. टीव्ही मात्र महिनाभर आवाज बंद करून बघते, तेवढं मान्य करायला हवं.

१० जून, मंगळवार
मौनीच्या कॅल्क्युलेटरचा सेल गेला, तासाभरासाठी माझा नेला. परत देताना काहीतरी सांगत होता, कोपऱ्यात बघ वगैरे. मी फोनवर होतो. मान डोलावली.

१४ जून, संध्याकाळी ६.००
पेपर झाला. सोपा! काही गणितांत माझी उत्तरं दिलेल्या पर्यायांमध्येच नव्हती, मग त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडला. पेपर काढणाऱ्यांचंही गणित कच्चं असू शकतं. मौनीचा चेहरा उतरलेला. पाठीवर हात ठेवून धीर दिला. म्हटलं, पहिल्या खेपेला असंच होतं.

१५ जून
नावापुढे नवी अक्षरं लावून सही करून पाहिली. चांगली दिसते. सासरेबुवांचा फोन आला तेव्हा म्हटलं, झाल्यातच जमा आहे. त्यांनी 'जमा' तेवढं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत बारा नातेवाइकांचे अभिनंदनाचे मेसेज. मी कुणालाच थांबवलं नाही. दोन महिन्यांनी परत कशाला त्रास द्या?

१९ ऑगस्ट, सकाळी ११.२०
नापास.

१९ ऑगस्ट, सकाळी ११.२५
मौनी पास.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी
हे परीक्षावाले गुण सांगत नाहीत. प्रत्येक विषयाची एक आडवी पट्टी देतात, लांब पट्टी चांगली, आखूड वाईट. माझ्या आठ पट्ट्यांत सगळ्यात आखूड एथिक्सची. हा निव्वळ अपमान आहे. मी कुणाचा कधी पै-पैशाचा अपहार केलेला नाही.
मौनी टेबलाशी आला. वाईट वाटलं म्हणाला. पुढच्या वेळी त्याच्या नोट्स देतो म्हणाला. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटतंय. तीन वर्षं झाली. घरी आलो तर मुलीने टीव्ही लगेच बंद केला. परीक्षा संपून दोन महिने झाले तरी तिला अजून तीच सवय आहे.

२६ ऑगस्ट
सापडलं! कॅल्क्युलेटर कपाटात टाकायचा म्हणून पुसत होतो, तर कोपऱ्यात ती तीन बारीक अक्षरं. म्हणजे परीक्षेत तो पूर्ण वेळ 'सुरुवाती'वर होता! म्हणूनच माझी उत्तरं पर्यायांत नव्हती. आणि परीक्षेच्या चारच दिवस आधी हा कॅल्क्युलेटर तासभर कुणाकडे होता? मौनीकडे.
केसाने गळा कापला. शेजारी बसून, माझ्याबरोबर चहा पिऊन. हसू नये, बोलू नये, आणि पाठीत खंजीर. आता कळलं हा इतका गप्प का असतो.
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, त्यात मौनीला काय मिळणार, दोघंही पास झाले असते तरी चाललं असतं की. म्हटलं, तू त्याच्या बाजूने आहेस. ती म्हणाली की तिची एकच बाजू आहे आणि त्या बाजूला इस्त्रीचे कपडे पडलेत. घरातून हा दुसरा दगा.

१ सप्टेंबर
मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. ऑफिसचा नियम जुनाच आहे: नापास झालेल्याने एक पानाचा फॉर्म भरायचा, वर छापलेलं असतं 'या अपयशातून मी काय शिकलो', मग विभागासमोर उभं राहून दहा मिनिटं ते सांगायचं. खाली अभ्यासाचे एकूण तास लिहायचे आणि अभ्यासाच्या सोबत्याची सही घ्यायची. फॉर्म मंजूर झाला तरच पुढच्या खेपेला बसायला मिळतं. चौथी खेप शेवटची. मुदत २२ सप्टेंबर. नाहीतर अॅनालिस्टचं टेबल सोडून तळघरात रेकॉर्ड सेक्शनला.
तळघरात एक खिडकी आहे. तिच्यातून लोकांचे बूट दिसतात. अकरा वर्षं मी वर बसलोय. मला तिथे जायचं नाही.

५ सप्टेंबर
फॉर्मचा पहिला मसुदा दिला. काय शिकलो: 'माणसं ओळखायला शिकलो.' मॅडमनी परत पाठवला. शेरा: आणखी?

९ सप्टेंबर
दुसरा मसुदा. काय शिकलो: 'आपली वस्तू कुणाला देऊ नये. परीक्षा हॉलमधला पंखा आवाज करतो. शेजारचा उमेदवार सतत शिंकत होता.' परत आला. शेरा: हे तुम्ही शिकलात की पंखा?
मॅडमही त्याला सामील आहेत. पास झाल्यावर मौनीला बढती त्यांनीच दिली ना.

१५ सप्टेंबर
आज विभागासमोर बोललो. सोळा माणसं. ठरवलं होतं नाव घ्यायचं नाही. पण मौनी पहिल्याच रांगेत बसलेला, वही उघडून, जणू काही टिपूनच घेणार आहे. संताप आला. सगळं सांगून टाकलं: कॅल्क्युलेटर, १० जून, तीन अक्षरं. म्हटलं, माझा अभ्यास चारशे तासांचा होता आणि मला एका माणसाने बुडवलं.
मौनीचे कान लाल झाले. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला वाटलं, जिंकलो.
मग मॅडम म्हणाल्या की ठीक आहे, त्या पेपरातलं एक गणित आत्ता सगळ्यांसमोर फळ्यावर करा, कॅल्क्युलेटर 'शेवटा'वर ठेवून. वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता. मी अक्षरं घालवली, सगळ्यांना स्क्रीन दाखवली आणि गणित केलं. चुकलं. परत केलं. वेगळं उत्तर आलं, तेही चुकलं. तिसऱ्यांदा केलं तर हप्ता कर्जापेक्षा मोठा आला. मागून कुणीतरी हसलं. मॅडमनी विचारलं, व्याजाचा दर वर्षाचा आहे की महिन्याचा? मला सांगता येईना. मला खरंच सांगता येईना.
मौनी उठला, फळा पुसला आणि खोलीबाहेर गेला.

१६ सप्टेंबर
खडूच्या धुळीने घसा बसला होता, त्यात गणित कसं सुटणार? ऑफिसात आज माझ्याशी कुणी बोललं नाही. चहावाल्याने चहा ठेवला आणि तोही लगेच निघून गेला.

१८ सप्टेंबर
फॉर्मवर सही हवी, आणि ती फक्त मौनीचीच चालते. त्याच्या टेबलाशी गेलो. 'एकूण तास' या रकान्यात मी ४०० लिहिलं होतं. त्याने वाचलं. मग एका दमात इतकं बोलला जितकं मी त्याच्या तोंडून वर्षात ऐकलं नव्हतं. म्हणाला, कॅल्क्युलेटरबद्दल मला काही बोलायचं नाही. पण सही करीन ती खऱ्या आकड्यावर. हा आकडा खोडतो. फॉर्म इथेच राहू दे. घरी जा, शांतपणे मोज, सोमवारी सांग.
केवढा हा उद्धटपणा! पास झाला म्हणून शेफारलाय. मोजतोच. चारशेच्या वर निघाले तर नाकावर टिच्चून सांगतो.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी
मोजायला दुसरं काही नव्हतं, म्हणून हीच वही पहिल्यापासून काढली. बायकोला म्हटलं, हिशोब करतोय, चहा दे.
टाइमटेबलं करण्यात एकोणीस तास. ते धरायचे की नाही यावर बराच वेळ गेला. शेवटी वगळले. फेब्रुवारीत नऊ तास. मार्चमध्ये सहा. एप्रिलमध्ये तेरा. मे महिन्यात 'उद्यापासून' हा शब्द बावीस वेळा आहे आणि अभ्यास आठ तास. जूनमध्ये पाच. एक्केचाळीस. दोनदा बेरीज केली. हेच एक गणित मला दोन्ही वेळा सारखं आलं.
२ मेचं पान वाचलं. मग १० जूनचं. मग ती दोन्ही पानं पुन्हा वाचली. अक्षर माझंच आहे. अक्षरं कोपऱ्यात मी आणली आणि त्याने मला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं.
या वहीनेही दगा दिला. हिला मी कधी कुणाला दाखवलं नाही, तर ही माझ्याच विरुद्ध गेली.
बायको चहा घेऊन आली. किती झाले, विचारलं. सांगितलं. ती बसली. म्हणाली, तिला तीसच्या आसपास वाटत होते.

२२ सप्टेंबर, सकाळी
बसमध्ये वाक्य पाठ केलं: चुकलो, सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच माफी मागतो. सोपं वाक्य आहे. मॅडमच्या केबिनबाहेरही पुटपुटलो. मौनीच्या टेबलाशी पोहोचलो आणि तोंडातून निघालं, चहा घेणार का.
तो म्हणाला, घेऊ.
चहा आल्यावर मी म्हटलं, ते कॅल्क्युलेटरचं... आणि पुढे जमेना. घसा भरून आला. या वेळी खडू नव्हता. त्याने मान डोलावली आणि कपाटातून त्याच्या सगळ्या नोट्स काढून माझ्याकडे सरकवल्या. एथिक्सच्या सगळ्यात वर होत्या.

२२ सप्टेंबर, दुपारी ४.४५
मी त्याला आकडा सांगणार होतो. पण त्याने फॉर्म पुढे केला तर तो भरून तयार होता. माझे चारशे खोडलेले, शेजारी त्याच्या हातचा आकडा, खाली सही. शुक्रवारीच केली होती म्हणे, मंगळवार-शुक्रवार आठवून आणि घरचे तास अंदाजाने धरून.
पंचेचाळीस.
चार तास त्याने पदरचे घातले होते. खरा आकडा एक्केचाळीस आहे हे मी त्याला सांगितलं नाही. फॉर्म तसाच मॅडमना देऊन आलो.